विश्वास आहे, मग तपासणी कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात चूक होत असेल तर इथेच कळेल. तुम्ही २३ वर्षांचे. मैत्रिणीबरोबर ८ महिने आहात. दोघांचंही याआधी एकेक नातं होऊन गेलंय. आतापर्यंत कंडोम वापरलात, तुमच्याच शब्दांत 'बहुतेक वेळा'. आता ती गर्भनिरोधक गोळ्या सुरू करणार आहे आणि कंडोम बंद करायचा विचार आहे. त्याआधी दोघंही एकदा तपासण्या करून घेऊ, असं ती म्हणाली आणि ते तुमच्या मनाला लागलं. तुम्ही विचारता: मला काही त्रास नाही, तिलाही नाही, मग तपासणीची गरज काय? तिचा माझ्यावर विश्वास नाही का? आणि कंडोम असताना आणखी काही करायला लागतं का?

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. माणूस भरवशाचा आहे का, हा एक. त्याच्या शरीरात एखादा जंतू आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुम्ही दोघं गेले ८ महिने एकमेकांना देत आलात. दुसऱ्याचं उत्तर तुमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही, अगदी तुमचं तुम्हालासुद्धा नाही. तिने तुमच्या शब्दावर शंका घेतलेली नाही. जी गोष्ट तुम्हालाच माहीत नाही तिच्याबद्दल तुम्ही शब्द देणार कसा, एवढंच तिने ओळखलंय. शिवाय ती 'दोघं' म्हणाली, 'तू' नाही. रागाच्या भरात तेवढं निसटलं असावं.

मी त्वचा आणि लैंगिक आजारांची डॉक्टर आहे. आमच्या शाखेतल्या आजारांना पूर्वी सरसकट 'गुप्तरोग' म्हणत. लपवायचे रोग, म्हणून गुप्त. हा शब्द आम्ही आता टाळतो, कारण त्यातली लाज माणसाला दवाखान्याची पायरी चढू देत नाही. पण एका वेगळ्याच अर्थाने तो शब्द नेमका आहे. ज्याला हे संसर्ग झालेत त्याच्यापासूनच ते लपून राहतात.

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या क्लॅमिडिया या जंतूचं उदाहरण घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयाच्या लोकांमध्ये क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चार संसर्गांच्या मिळून ३७ कोटी ४० लाख नव्या लागणी झाल्या. हे चारही औषधाने पूर्ण बरे होणारे. म्हणजे रोज १० लाखांच्या वर लागणी. एवढ्या सगळ्यांना जळजळ झाली असती, स्राव आला असता, तर जगभरच्या दवाखान्यांत उभं राहायला जागा उरली नसती. तसं होत नाही, कारण बहुतेकांना काही जाणवतच नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना आणि जवळपास निम्म्या पुरुषांना कसलंही लक्षण नसतं. जंतू गर्भाशयाच्या मुखाशी मुक्काम ठोकतो, उपचार झाले नाहीत तर काहींच्या बाबतीत वर सरकून गर्भनलिकांपर्यंत पोचतो आणि तिथे व्रण ठेवून जातो. पुढे कधीतरी दिवस राहत नाहीत म्हणून, किंवा गर्भ नलिकेतच रुजला म्हणून, तपासण्या होतात आणि तेव्हा हा जुना पाहुणा कळतो.

तरुण वयात हे जास्त का होतं, याचं एक कारण निव्वळ शरीररचनेचं आहे. विशीच्या आसपासच्या मुलींच्या गर्भाशयमुखावर आतल्या नाजूक पेशींचा थर बाहेरच्या बाजूलाही पसरलेला असतो. वय वाढतं तसा तो आत जातो. क्लॅमिडियाला नेमक्या याच पेशी लागतात. म्हणून २५ वर्षांच्या आतल्या, लैंगिक संबंध असलेल्या मुलींनी वर्षातून एकदा क्लॅमिडिया आणि गनोरियाची तपासणी करावी, असं काही देशांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, लक्षण असो वा नसो. त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही.

सिफिलिसची तऱ्हा आणखी वेगळी. जुन्या मराठीत याला गरमी किंवा उपदंश म्हणतात. संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत, साधारण तिसऱ्या आठवड्यात, एक व्रण येतो. तो दुखत नाही. इंद्रियावर आला तर दिसेल तरी, पण योनीत, गुदद्वारात किंवा घशात आला तर कोणाच्या लक्षात येणार? ३ ते ६ आठवड्यांत तो औषधाशिवाय भरून येतो. रुग्ण म्हणतो, गेलं एकदाचं. गेलेलं काही नसतं, जंतू रक्तात उतरलेला असतो. पुढे अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. नंतर कित्येक वर्षं शांतता. अशा शांततेनंतर मेंदूला किंवा हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला इजा झालेले रुग्ण मी पाहिलेत. १९४० च्या दशकापासून पेनिसिलिनने बरा होणारा हा आजार, आणि शोधायला एक साधी रक्ततपासणी. म्हणून 'मला काही त्रास नाही' हे वाक्य माझ्या लेखी पुरावा ठरत नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी तरुण मुलींना 'लग्न झालंय का?' असं विचारायचे आणि उत्तर 'नाही' आलं की तो विषय तिथेच मिटवायचे. ओटीपोटात दुखतं म्हणून आलेल्या एका मुलीला मी असंच विचारलं, ती 'नाही' म्हणाली आणि मी लघवीच्या संसर्गाची औषधं देऊन पाठवलं. दोन आठवड्यांनी ती ताप आणि असह्य वेदना घेऊन आली. गर्भनलिकांना सूज होती, कारण क्लॅमिडिया. ती खोटं बोलली नव्हती. मी प्रश्न चुकीचा विचारला होता. तेव्हापासून मी सगळ्यांना एकाच स्वरात विचारते: लैंगिक संबंध आलेत का, कोणाशी, स्त्रीशी, पुरुषाशी की दोघांशी, कोणत्या प्रकारचे, आणि शेवटचे कधी. तुमच्या डॉक्टरांनी असे प्रश्न विचारले तर बिचकू नका. आणि विचारले नाहीत तर आपणहून सांगा, कारण कुठल्या तपासण्या करायच्या हे त्या उत्तरांवरच ठरतं.

कसं ते सांगते. लघवीच्या नमुन्यात मूत्रमार्गातला जंतू सापडतो. घशातला सापडत नाही. मुखमैथुनातून गनोरिया घशात बसतो आणि तिथे जवळजवळ कधीच त्रास देत नाही. गुदमैथुन होत असेल तर तिथलाही नमुना वेगळा घ्यावा लागतो. मी अशी माणसं पाहिलीत जी 'सगळं निगेटिव्ह' म्हणून निर्धास्त होती आणि जिथे संसर्ग होता ती जागा कोणी तपासलीच नव्हती. तेव्हा रिपोर्ट हातात आला की काय तपासलं हे आधी वाचा आणि काय तपासलं नाही हेही विचारा.

दुसरी अडचण वेळेची. संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला आम्ही विंडो पिरियड म्हणतो. क्लॅमिडिया आणि गनोरिया साधारण २ आठवड्यांनी भरवशाने दिसतात. एचआयव्हीची प्रयोगशाळेत होणारी, प्रतिजन (विषाणूचा अंश) आणि प्रतिपिंड (त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) दोन्ही पाहणारी तपासणी संसर्गानंतर १८ ते ४५ दिवसांत पॉझिटिव्ह होते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणाऱ्या, फक्त प्रतिपिंड पाहणाऱ्या झटपट चाचण्यांना ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. सिफिलिससाठीही ३ महिन्यांनी केलेली तपासणी निर्णायक मानतात. शनिवारी संबंध आला आणि सोमवारी रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर त्या रिपोर्टमध्ये शनिवारची काहीच माहिती नसते. तो त्याआधीच्या महिन्यांबद्दल बोलतोय.

तुमच्या बाबतीत मात्र हा पेच सोपा आहे. गेले ८ महिने तुमचे संबंध फक्त एकमेकांशी असतील, तर सगळे विंडो पिरियड कधीच उलटून गेलेत. आज तपासलं तरी उत्तर पूर्ण मिळेल. या 'असतील तर'ला महत्त्व आहे. मधल्या काळात दोघांपैकी कोणाचा दुसरीकडे संबंध आला असेल, तर शेवटच्या अशा संबंधापासून ३ महिने होईपर्यंत कंडोम चालू ठेवायचा आणि मग पुन्हा तपासायचं. हे मी न्यायाधीश म्हणून विचारत नाही. हिशेब कुठून सुरू करायचा, तेवढं मला कळायला हवं.

मग करायचं काय? लक्षणं नसलेल्या, तुमच्यासारख्या जोडप्याला मी साधारण एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी (यकृताला सूज आणणारा विषाणू) यांची रक्ततपासणी सांगते, तिला योनीमार्गातला आणि तुम्हाला लघवीचा नमुना देऊन क्लॅमिडिया व गनोरियाची पीसीआर पद्धतीची तपासणी, आणि तिच्यासाठी ट्रायकोमोनासचीही. सुई टोचून नशा केल्याचा, आधीच्या जोडीदाराला काही निघाल्याचा किंवा पुरुषाशी संबंधांचा इतिहास असेल तर यादी बदलते, हिपॅटायटिस सी वाढतो, जागा वाढतात. हर्पिस, म्हणजे जननेंद्रियांवर फोड आणणारा विषाणू, याची रक्ततपासणी लक्षणं नसताना मी सांगत नाही. त्या तपासणीत खोटे पॉझिटिव्ह बरेच येतात आणि माणूस उगाच खचतो. फोड आला तर त्या फोडाचाच नमुना घ्यायचा. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू, याच्यासाठी पुरुषांची नेहमीची अशी तपासणीच नाही.

म्हणजे सगळे रिपोर्ट चांगले आले तरी दोन विषाणू हिशेबाबाहेर राहतात, हर्पिस आणि एचपीव्ही. हे दोन्ही कातडीला कातडी लागून पसरतात, त्यामुळे कंडोम त्यांना कमी करतो, पूर्ण अडवत नाही. ओठावर येणाऱ्या तापाच्या फोडांचा विषाणू मुखमैथुनातून खाली जाऊ शकतो, हे तर अनेकांच्या गावीही नसतं. ओठावर फोड असेल तेवढे दिवस ते टाळायचं. फोड नसतानाही विषाणू अधूनमधून कातडीवर येत असतो, त्यामुळे 'कोणी दिला' याचा शोध बहुधा कुठेच पोचत नाही.

एचपीव्हीवर मात्र आपल्या हातात लस आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही असतो, हे दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. पहिली लस त्याआधीच, २००६ मध्ये बाजारात आली होती. यातले १६ आणि १८ हे दोनच प्रकार मिळून गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग घडवतात. लस घ्यायची उत्तम वेळ ९ ते १४ वर्षं, संबंध सुरू होण्याच्या आधीची. पण अनेक देशांत २६ वर्षांपर्यंत राहून गेलेल्यांना ती देतात, मुलग्यांनाही. असलेला संसर्ग तिने बरा होत नाही, मात्र अजून न भेटलेल्या प्रकारांपासून संरक्षण मिळतं. 'आता संबंध आलेत, आता काय उपयोग' म्हणून सोडून देऊ नका. तुमचा आणि तिचा हा विषय त्याच भेटीत काढा. डोस किती, हे वयावर ठरेल. लस घेतली तरी पुढे ठरावीक वयापासून तिला गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करावीच लागेल. हिपॅटायटिस बीचीही लस आहे. लहानपणी झाली असेल तर कागद शोधा, नसेल तर तीन डोसांचं काम आहे.

आता कंडोम. 'बहुतेक वेळा' या तुमच्या दोन शब्दांवर मी थांबले होते. गर्भधारणेचे आकडे इथे चांगलं बोलतात. दर वेळी आणि नीट वापरला तर वर्षभरात १०० जोडप्यांपैकी २ ठिकाणी दिवस राहतात. लोक प्रत्यक्षात जसा वापरतात तसा वापरला तर १३ ठिकाणी. रबर तेच, माणसांचं वापरणं वेगळं. एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडिया यांच्याविरुद्ध कंडोम फार चांगलं काम करतो, पण ज्या दिवशी तो लावलेला असतो त्या दिवशीच.

मी रुग्णांना कसा वापरता ते सांगायला लावते आणि चुका बहुतेक त्याच त्याच निघतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे आधी थोडा वेळ तसंच आणि शेवटी कंडोम. गर्भ टाळायलाही हे बेभरवशाचं आणि संसर्गासाठी तर पूर्ण निरुपयोगी, कारण संसर्ग वीर्यपतनाची वाट पाहत नाही. पहिल्या स्पर्शाआधी लावायचा. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग मुळापर्यंत उलगडायचा. उलटा लागला तर फिरवून तोच लावायचा नाही, टाकून नवा घ्यायचा. ताठरता असतानाच मुळाशी धरून बाहेर यायचं. तेल, व्हॅसलीन, अंगाला लावायचं लोशन, यातलं काहीही लॅटेक्सला चालत नाही, काही मिनिटांत रबर कमकुवत होतं. पाण्याचं किंवा सिलिकोनचं वंगण चालतं. योनीत घालायची काही बुरशीविरोधी मलमंही रबर खराब करतात, तिचे तसे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. एकावर एक दोन घालू नका, घासून फाटतात. पैशांच्या पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवलेला किंवा गाडीत तापलेला वापरू नका. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर पॉलियुरेथेनचे मिळतात, मात्र प्राण्याच्या आतड्याच्या पडद्यापासून केलेले विषाणूंना अडवत नाहीत. आणि संमतीशिवाय मधेच काढून टाकणं ही खोडी नाही, फसवणूक आहे. हे तुमच्यासाठी नाही, पण वाचणाऱ्यांत एखादा असतोच.

गोळी, तांबी, गर्भनिरोधक इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी घ्यायची गोळी: यातल्या एकानेही संसर्ग अडत नाही. लोकांच्या मनात 'सेफ' हा एकच शब्द दोन्ही गोष्टींसाठी असल्यामुळे ही गल्लत होते. संबंधानंतर लघवीला जाणं, धुणं, जंतुनाशकाने धुणं, यानेही नाही. योनीत आतून धुण्याने तर तिथले उपकारक जिवाणू जाऊन नुकसानच होतं. उलट बाजूला, शौचालयाच्या भांड्यावरून, टॉवेलवरून, मिठीतून क्लॅमिडिया वा सिफिलिस झाला असं सांगणारे भेटतात. तसा तो होत नाही. पण मी वाद न घालता मान डोलावते आणि पुढचा प्रश्न विचारते.

आणखी एक सवय, तरुण पुरुषांत फार दिसणारी. लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली, अंगात उष्णता झाली' म्हणून पाणी पीत बसायचं. दोन दिवसांत थांबलं नाही की मित्राने सुचवलेलं अँटिबायोटिक घ्यायचं. त्याने जळजळ जाते, जंतू अर्धवट मरतो. गनोरियाने एकेक करून पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली औषधं निकामी केलीत. आज आमची मुख्य भिस्त सेफ्ट्रायॅक्सोन या एका इंजेक्शनवर आहे आणि त्यालाही न जुमानणारे जंतू सापडू लागलेत. म्हणून जळजळ, पिवळट स्राव, अंगावरून नेहमीपेक्षा वेगळं किंवा वासाचं पांढरं जाणं, इंद्रियावर व्रण, जांघेत अवधाण (सुजलेली गाठ), यातलं काही दिसलं तर आधी नमुना आणि नंतर औषध. उलट क्रमाने आलेल्या रुग्णात मला काहीच सापडत नाही.

एक मुलगा माझ्याकडे ५ महिन्यांत तिसऱ्यांदा क्लॅमिडिया घेऊन आला होता. औषध लागू पडत नाही म्हणून वैतागला होता. औषध लागू पडत होतं. मैत्रिणीला त्याने सांगितलंच नव्हतं, तो बरा व्हायचा आणि तिच्याकडून परत घेऊन यायचा. चेंडू टोलवावा तसं. निदान झालं की गेल्या ६० दिवसांतल्या जोडीदारांनाही कळवायचं, त्यांचेही उपचार करायचे, औषध पूर्ण होईपर्यंत (एकाच डोसचं असेल तर त्यानंतर ७ दिवस) संबंध ठेवायचे नाहीत आणि ३ महिन्यांनी पुन्हा तपासायचं. शेवटी तिला सांगायला तो माझ्याच दवाखान्यात, माझ्यासमोर तयार झाला. आम्हाला असे फोन नवे नसतात, डॉक्टरांची मदत घ्यायला संकोच करू नका.

आता तुम्हाला ज्याची खरी भीती आहे त्याबद्दल. समजा दोघांपैकी एकाचं काही पॉझिटिव्ह आलं. पहिला विचार येईल, 'म्हणजे फसवणूक झाली.' तिथे थांबा. उपचार न झालेला क्लॅमिडिया महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षाहूनही जास्त, गप्प राहू शकतो. ट्रायकोमोनासही तसाच. एचपीव्ही आणि हर्पिस तर वर्षांनंतर डोकं वर काढू शकतात. तुमच्या दोघांची आधीची नाती ८ महिन्यांपूर्वीची आहेत, म्हणजे तो संसर्ग त्या काळातला असणं सहज शक्य आहे. तपासणीत जंतू सापडतो, तारीख सापडत नाही. हे दोघांनी रिपोर्ट येण्याच्या आधी एकमेकांना म्हणून ठेवा. रिपोर्ट आल्यावर म्हटलं की ती सबब वाटते. पूर्वी मी हे जोडप्यांना निकालानंतर समजवायचे. बराच वेळ जायचा आणि फारसं कोणी ऐकत नसे.

आणि तिच्याशी बोलताना 'ठीक आहे, तुला हवंच असेल तर' असं उपकार केल्यासारखं म्हणू नका. 'तू म्हणालीस ते मला आधी लागलं, पण बरोबर आहे, आपण दोघं एकाच दिवशी जाऊ' एवढं पुरे. बोलणं अंथरुणात नको, चालताना किंवा प्रवासात बरं. नवं नातं सुरू करणाऱ्या कोणीही हे विचारायचं असेल तर स्वतःपासून सुरुवात करावी: 'मी अमुक महिन्यात तपासून घेतलं, तुझं कधी झालं होतं?' प्रश्न तोच असतो, पण समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटत नाही.

तुमच्यापुरता क्रम असा लावते. दोघांच्या तपासण्या, तोवर दर वेळी कंडोम. काही निघालं तर दोघांचे उपचार आणि नंतर पुन्हा तपासणी. लसींचं काय राहिलंय ते बघणं. तिने गोळी सुरू केली की पहिले ७ दिवस तरी कंडोम सोडायचा नाही, नेमकं किती ते तिची डॉक्टर गोळी पाहून सांगेल. मग हवं तर कंडोम बंद. आणि पुढे कधी तिसरी व्यक्ती आली, तर कंडोम परत, हे आजच ठरवून टाका. तो करार मोडला तर सांगायचं, हेही. अशी वेळ आली तर सांगणारा वाईट वाटेल, पण न सांगणारा समोरच्याचा निर्णयच काढून घेतो.

एक गोष्ट मात्र रांगेत थांबायची नाही. एचआयव्हीची शक्यता असलेला संबंध आला, कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही टाळणारी औषधं सुरू करता येतात. ती २८ दिवस घ्यायची असतात. ७२ तास ही शेवटची सीमा आहे, पहिल्याच दिवशी गेलात तर उत्तम. 'आठवडाभर बघू' म्हणणारे आठव्या दिवशी येतात आणि माझे हात रिकामे असतात. ज्यांना ही जोखीम वारंवार येते, उदाहरणार्थ जोडीदार एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे आणि त्याचे उपचार अजून नीट बसलेले नाहीत, त्यांच्यासाठी आधीपासून घ्यायचं प्रतिबंधक औषधही आहे. आणि उपचारांनी ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका खाली गेला आहे आणि तसाच राहतो आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. हे मोठ्या अभ्यासांत सिद्ध झालेलं आहे, तरी अजून कित्येकांना माहीत नाही.

तपासणीला जाताना एवढं करा: आधी किमान तासभर लघवीला जाऊ नका आणि बाटलीत सुरुवातीची धार घ्या. लघवीच्या साध्या संसर्गासाठी मधली धार मागतात, त्या सवयीने बरेच जण मधलीच देतात. क्लॅमिडिया पहिल्या धारेत असतो.